ओळखीची थंडी, अनोळखी हिवाळा : 'न्यू आइसलँड'ची कथा

१/
२१ ऑक्टोबर १८७५. कॅनडातील विनिपेग सरोवराच्या पश्चिम किनाऱ्याला काही सपाट तळाच्या नावा लागल्या. त्यांतून अडीचशेच्या आसपास स्त्री-पुरुष आणि मुले उतरली. किनाऱ्यावर घर नव्हते, रस्ता नव्हता, गुरांसाठी कापून ठेवलेले गवतही नव्हते. होते ते घनदाट अरण्य, दलदल आणि लवकरच गोठून जाणारे पाणी.

२/
हे लोक आइसलँडचे होते. ज्या देशाच्या नावातच बर्फ आहे, तिथून आलेल्यांना थंडीचे काय भय, असे कोणालाही वाटेल. कॅनडाच्या अधिकाऱ्यांनाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात पहिल्या दोन हिवाळ्यांनी ही वसाहत मोडकळीस आणली. असे का झाले, ती तगली कशी, आणि तिच्या तगण्याची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा.

३/
प्रारंभ आइसलँडपासून करावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बेट डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होते. लोकसंख्या सुमारे ७० हजार. वृक्ष जवळजवळ नाहीत, धान्य पिकत नाही. मेंढ्या, गवताची कुरणे आणि समुद्रातील मासे, एवढ्यावर संसार. कडक हिवाळे, मेंढ्यांमधील रोगराई आणि भूमिहीनांची वाढती संख्या यांमुळे तरुण पिढी देशांतराचा विचार करू लागली होती.

४/
त्यातच मार्च १८७५ मध्ये आस्क्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राखेचा पाऊस पूर्व आइसलँडवर पडला, कुरणे झाकली गेली आणि अनेक शेतवाड्या सोडून द्याव्या लागल्या. ही राख थेट स्कँडिनेव्हियापर्यंत पोहोचली होती. देशांतर त्याआधीच सुरू झाले होते. उद्रेकाने त्याला वेग दिला. १८७० ते १९१४ या काळात १५ हजारांहून अधिक आइसलँडवासी उत्तर अमेरिकेत गेले.

५/
१८७४ मध्ये आलेल्या एका मोठ्या गटाला कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील किनमाउंट येथे पाठवण्यात आले. तिथे रेल्वेमार्गाचे काम होते. राहायला लाकडी ओंडक्यांच्या मोजक्या झोपड्या, त्यांत दाटीवाटीने कोंबलेली कुटुंबे, अन्न अनोळखी आणि निकृष्ट. त्या हिवाळ्यात अनेक लहान मुले दगावली. पुढे रेल्वेचे कामही थांबले आणि मजुरी बंद पडली.

६/
येथे दोन माणसे महत्त्वाची ठरली. एक जॉन टेलर. लाकूडतोड्यांमध्ये बायबलचा प्रसार करणारा हा धर्मोपदेशक या परक्या लोकांची दैना पाहून हेलावला आणि त्यांच्या वतीने सरकारदरबारी खेटे घालू लागला. दुसरा सिग्त्रिग्गुर योनासन. १८७२ मध्ये कॅनडात आलेला, इंग्रजी जाणणारा, अवघ्या तेविशीचा तरुण. 'न्यू आइसलँडचा जनक' म्हणून पुढे याचेच नाव घेतले गेले.

७/
टेलर यांची विनंती ज्यांनी सहानुभूतीने ऐकली, ते कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन. हे नाव भारतीय वाचकाला ओळखीचे वाटेल. १८८४ ते १८८८ या काळात भारताचे व्हाइसरॉय असलेले, ज्यांच्या कारकिर्दीत मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली, तेच हे डफरिन. तरुणपणी, १८५६ मध्ये, त्यांनी आइसलँडची सफर केली होती आणि त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले होते. त्या लोकांविषयी त्यांच्या मनात कायमचा जिव्हाळा राहिला.

८/
१८७५ च्या उन्हाळ्यात जागा शोधण्यासाठी एक छोटे मंडळ पश्चिमेकडे गेले. रेड नदीच्या खोऱ्यातील काळीभोर, सपाट जमीन त्यांनी पाहिली. पण त्या वर्षी टोळधाडीने तिथले शेत न् शेत फस्त केले होते. त्यामुळे मंडळ उत्तरेकडे सरकले. विनिपेग सरोवराच्या काठी टोळ नव्हते, मासे होते, लाकूड होते. शिवाय इथे आपली भाषा आणि रीत जपत एकत्र राहता येईल, अशी सलग भूमी होती.

९/
सरकारने सरोवराकाठचा मोठा पट्टा केवळ आइसलँडवासीयांसाठी राखून ठेवला. तेव्हाच्या मॅनिटोबा प्रांताच्या सीमेबाहेरचा हा प्रदेश होता. नाव ठरले 'न्यू आइसलँड'. कागदावर तो मोकळा दिसत होता. प्रत्यक्षात तिथे सोल्टो आणि क्री लोकांच्या वस्त्या, मासेमारीच्या जागा आणि शिकारीच्या वाटा होत्या. या गोष्टीकडे पुढे परत यावे लागेल.

१०/
मंडळ परतले, कुटुंबांनी सामान बांधले, आणि निघता निघता सप्टेंबर संपत आला. आगगाडी, महासरोवरांवरील आगबोट, पुन्हा आगगाडी, मग रेड नदीवरून आगबोट, असा प्रवास करत ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात विनिपेग गावात पोहोचले. तिथे कळले की, वसाहतीच्या जागी गवत कापून ठेवलेले नाही. म्हणजे गुरे नेता येणार नाहीत. म्हणजेच हिवाळाभर दूध नाही.

११/
या एका उणिवेचे गांभीर्य समजून घेतले पाहिजे. आइसलँडच्या आहारात भाजीपाला नगण्य होता. दूध, दह्यासारखे स्कीर, लोणी, मासे आणि मटण, यांवरच शरीर पोसले जाई. त्यातून दूध वजा झाले आणि ताजे अन्नही दुर्मीळ झाले, तर काय होणार? हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात, अंगातील बळ सरते. जीवनसत्त्व 'क'च्या अभावी होणारा हा स्कर्व्ही रोग त्या हिवाळ्यात खरोखरच आला आणि त्याने बळी घेतले.

१२/
काही जण, विशेषतः तरुण मुली, विनिपेगमध्येच घरकामासाठी थांबल्या. त्यांच्या मजुरीचे मोल पुढे वसाहतीला कळणार होते. बाकीचे नदीच्या प्रवाहाबरोबर नावा सोडत सरोवराच्या मुखाशी आले. तिथून हडसन्स बे कंपनीच्या 'कोलव्हिल' या आगबोटीने नावा ओढत नेल्या. जायचे होते आणखी उत्तरेला, आज आइसलँडिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नदीच्या काठी. पण हवामान बिघडले आणि विलो पॉइंट या भूशिराजवळच त्यांना उतरावे लागले.

१३/
जवळच वसाहतीची जागा निवडण्यात आली. तिला नाव दिले 'गिम्ली'. नॉर्स पुराणकथांनुसार जगाच्या अंतिम संहारानंतर वाचलेले पुण्यवान जिथे राहतील, ते हे सुवर्णछताचे सभागृह. तंबूत कुडकुडणाऱ्या माणसांनी आपल्या चिखलातल्या मुक्कामाला हे नाव द्यावे, यात भाबडेपणा होता की जिद्द, हे ज्याने त्याने ठरवावे.

१४/
आता मूळ प्रश्न. थंडीची सवय असलेल्यांना ही थंडी का झेपेना? पहिले कारण भूगोलात आहे. आइसलँड चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला, आणि त्याच्या किनाऱ्याला उष्ण सागरी प्रवाह स्पर्शून जातो. त्यामुळे रेक्याविकमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते. वारा बोचरा, पाऊस-बर्फाचा मारा सततचा. पण पारा फार खाली उतरत नाही.

१५/
गिम्ली मात्र खंडाच्या ऐन मध्यभागी. समुद्राची ऊब तिथे पोहोचत नाही. अक्षांशाने ते आइसलँडपेक्षा बरेच दक्षिणेला, जवळपास लंडनच्या रेषेत आहे. तरीही जानेवारीची सरासरी उणे १५ अंशांच्या खाली जाते आणि कडाक्याच्या दिवसांत पारा उणे ४० च्या आसपास उतरतो. 'थंडी' हा शब्द एकच. पण ही दोन हवामाने सर्वस्वी भिन्न होती.

१६/
दुसरे कारण अधिक खोल आहे. थंडीत माणूस जगतो तो कातडीच्या जाडीवर नव्हे, तर कसबावर. आइसलँडमधील घर म्हणजे दगड आणि गवताळ मातीच्या लाद्यांच्या जाडजूड भिंती; जणू जमिनीतूनच उगवलेले. ती बांधण्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे. इथे त्यांच्यासमोर उभे होते झाडांचे रान, आणि हाती कुऱ्हाड. वृक्षहीन देशातून आलेल्या बहुतेकांनी आयुष्यात मोठे झाड तोडलेले नव्हते.

१७/
झाड कोणत्या बाजूला पडेल, ओंडक्याच्या टोकाला खाच कशी पाडायची, कोपऱ्यात ओंडके एकमेकांत कसे बसवायचे, हे सारे नवे. लाकूड ओले, म्हणून वाळताना आक्रसणारे. फटी बुजवायच्या चिखलाने. पण चिखल कालवता कालवता गोठतो. तरीही काही आठवड्यांत ओंडक्यांच्या छोट्या खोल्या उभ्या राहिल्या. एकेका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे राहिली. धग चुलीजवळ, आणि भिंतीवर आतून हिम.

१८/
तिसरा पेच माशांचा. याच आशेवर तर जागा निवडली होती! हे लोक दर्यावर्दी. उघड्या होड्यांतून खवळलेल्या समुद्रात मासे धरणारे. पण इथले पाणी गोड्या पाण्याचे, आणि हिवाळ्यात त्यावर बर्फाचा जाडजूड थर. आणलेल्या जाळ्यांची आसे इथल्या माशांसाठी बरोबर नव्हती. मासे बर्फाखाली विपुल होते, वर माणसे उपाशी होती, आणि मधल्या थराची किल्ली कोणाकडे नव्हती.

१९/
ती किल्ली होती स्थानिकांकडे. बर्फाखालून जाळे टाकण्याची रीत ऐकायला सोपी आहे. बर्फात एका ओळीत ठरावीक अंतरावर भोके पाडायची. लांब काठीला दोरी बांधून ती पहिल्या भोकातून आत सोडायची, आणि प्रत्येक भोकातून पुढे ढकलत शेवटच्या भोकापर्यंत न्यायची. मग त्या दोरीच्या टोकाला जाळे बांधून ते बर्फाखाली ओढून घ्यायचे. जाळे उभे राहते, मासे अडकतात. काढताना भोके पुन्हा फोडायची आणि उघड्या हातांनी गाठी सोडवायच्या.

२०/
ही विद्या सोल्टो, क्री आणि मेटी लोकांकडून आली. मेटी म्हणजे युरोपीय आणि स्थानिक वंशांच्या मिश्रणातून घडलेला समाज. सशांसाठी फास कसे लावायचे, सांबरासारख्या महाकाय मूझची शिकार कशी करायची, बर्फावर चालण्याचे जाळीदार जोडे आणि हरणाच्या कातड्याचे मऊ मोकासिन का घालायचे, कुत्र्यांची घसरगाडी कशी हाकायची, हे धडेही त्यांचेच. ज्यांची भूमी 'मोकळी' म्हणून वाटली गेली, तेच नवागतांचे शिक्षक झाले.

२१/
आइसलँडवासीयांनी मायदेशाहून काही आणलेच नव्हते, असे मात्र नाही. लोकरीचे विणकाम होते, आणि होती 'क्वोल्डवाका' ही सांजवेळेची रीत. एकाच खोलीत सारे घर जमे. हात सूत कातत, विणत राहत, आणि एक जण मोठ्याने सागा वाचून दाखवी. गिम्लीच्या ओंडक्यांच्या खोल्यांतही ही बैठक भरत राहिली. पहिल्याच हिवाळ्यात तिथे हस्तलिखित वृत्तपत्र निघाले, आणि टेलर यांच्या कुटुंबातील कॅरोलाइन टेलर यांनी इंग्रजीची शाळा भरवली.

२२/
१८७६ च्या उन्हाळ्यात थेट आइसलँडहून सुमारे १२०० जणांचा मोठा जथा आला. किनाऱ्यावर वाड्या पसरल्या. पण उन्हाळ्याचे दुःख निराळे. आइसलँडमध्ये डास नव्हते. इथल्या दलदलीतून त्यांचे ढग उठत. धुराची शेकोटी पेटवून माणसे तिच्याभोवती बसत. जमीन मोकळी करायची तर आधी झाडे तोडा, मग बुंधे उपटा, मग साचलेले पाणी काढा. एवढे करून हाती येई बटाट्याचा एखादा तुकडा.

२३/
आणि मग देवी आली. नव्या जथ्याबरोबर रोगाचा संसर्ग वाटेतच शिरला होता. शरद ऋतूत पहिले रुग्ण दिसले. हा देवीचा रोग आहे हे निश्चित होईपर्यंत तो घरोघर पोहोचला. दाटीवाटीच्या खोल्या, अपुरे अन्न, आणि दूरच्या बेटावर वाढल्यामुळे या रोगाशी कधी गाठच न पडलेली तरुण पिढी. सुमारे १०० आइसलँडवासी मृत्यू पावले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती.

२४/
काळाचा संदर्भ ध्यानात यावा म्हणून : हेच ते १८७६-७७ चे वर्ष, जेव्हा दख्खनमध्ये महादुष्काळाने गावेच्या गावे ओस पडत होती. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला गिम्लीत सरकारी गोदामाचे रुग्णालय झाले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस वसाहतीभोवती विलगीकरणाची रेषा आखली गेली. नेटली क्रीक येथे पहारा बसला. सुमारे साडेसात महिने वसाहतीचे दार बंद राहिले. ते जुलै १८७७ मध्ये उघडले.

२५/
विलगीकरणाने रोग अडवला, पण उपजीविकाही अडवली. बाहेर मजुरीला जाता येईना, मासे विकता येईनात, बी-बियाणे आणि गुरे वेळेवर मिळेनात. विनिपेगमधील मुली आपल्या घरच्यांना भेटू शकल्या नाहीत. एकाच वर्षात दोनदा, आधी थंडीने आणि मग रोगाने, ही माणसे जगापासून तोडली गेली.

२६/
आश्चर्य असे की, याच बंदिवासात त्यांनी आपली राज्यव्यवस्था घडवली. १८७७ च्या आरंभी सभा झाल्या आणि जानेवारी १८७८ मध्ये लिखित घटना मान्य झाली. वसाहतीचे चार विभाग. प्रत्येकाचे निवडून दिलेले पंचमंडळ. त्यांवर एक मध्यवर्ती मंडळ, आणि त्याचा प्रमुख सिग्त्रिग्गुर योनासन. रस्त्यांसाठी श्रमदान, विधवा व अनाथांची सोय, जन्म-मृत्यूची नोंद, तंट्यांचा निवाडा, ही या मंडळांची कामे होती.

२७/
यामागे नुसता आदर्शवाद नव्हता. उणे ४० अंशांत एकट्या कुटुंबाची वाडी टिकत नाही. घरातला कर्ता गेला तर त्याच्या मुलांना कोण सांभाळणार, बर्फात वाट कोण मोकळी ठेवणार, हे प्रश्न वैयक्तिक राहत नाहीत. सीमाप्रदेशाच्या कथांमध्ये एकट्या, स्वयंपूर्ण वीराचे चित्र रंगवले जाते. न्यू आइसलँडचा इतिहास त्याच्या नेमका उलट आहे. तिथे जगले ते एकमेकांच्या नोंदवहीत असलेले लोक.

२८/
सप्टेंबर १८७७ मध्ये 'फ्रामफारी', म्हणजे 'प्रगती', हे छापील वृत्तपत्र निघाले. धड रस्ता नसलेल्या जागी छापखाना! त्याच महिन्यात लॉर्ड डफरिन स्वतः गिम्लीला आले. घर कितीही उघडेबोडके असले तरी त्यात पुस्तकांचा छोटा संग्रह आहे, हे पाहून ते प्रभावित झाले आणि तसे त्यांनी भाषणात जाहीरपणे सांगितलेही.

२९/
आता नवव्या भागात सोडलेला प्रश्न. आइसलँडिक नदीच्या काठी जॉन रॅमसे नावाचा सोल्टो पुरुष कुटुंबासह राहत होता. १८७६ मध्ये काही आइसलँडिक कुटुंबे तिथे घर बांधायला आली, तेव्हा त्याने त्यांची नाव किनाऱ्यावरून पाण्यात लोटून दिली. ही भूमी आमची आहे आणि तिच्याविषयी आमच्याशी निवाडा झालेला नाही, हा त्याचा दावा. नवागतांकडे सरकारी परवानगी होती. सरकारी अधिकाऱ्याने निर्णय त्यांच्याच बाजूने दिला.

३०/
इथे एक विपरीत वळण येते. ज्यांना रॅमसेने अडवले, त्याच शेजाऱ्यांना पुढे त्याने शिकारीचे मांस दिले आणि वाटा दाखवल्या. मग देवीची साथ आली. त्याची पत्नी बेट्सी आणि मुले गेली. मेरी नावाची मुलगी तेवढी वाचली. जवळची सँडी बार ही सोल्टोंची वस्ती जवळजवळ संपूर्ण ओस पडली. साथीनंतर तिथली घरे जाळून टाकण्यात आली.

३१/
आइसलँडवासीयांच्या मृतांची गणना झाली, त्यांच्या कबरी नोंदल्या गेल्या, त्यांच्या स्मृती वृत्तपत्रांत व आठवणींत जतन झाल्या. सँडी बारच्या मृतांची अशी यादी कोणी केली नाही. वाचलेल्यांना त्या भूमीवर पुन्हा हक्क मिळाला नाही. उत्तरेकडील नॉर्वे हाउसहून दक्षिणेला येऊन याच भागात वसू इच्छिणाऱ्या क्री कुटुंबांनाही दुसरीकडे, फिशर नदीकाठी, जावे लागले. जिथे नवी वसाहत जगायला शिकली, तिथेच जुनी वसाहत पुसली गेली.

३२/
न्यू आइसलँडची परीक्षा तरीही संपली नव्हती. धर्मावरून दोन तट पडले. योन ब्यार्नासन हे तुलनेने उदार विचारांचे धर्मगुरू, तर पाउल थोर्लाकसन हे अधिक कर्मठ. थोर्लाकसन यांनी आपल्या अनुयायांना अमेरिकेतील डाकोटा प्रदेशाची वाट दाखवली. तिथे जमीन मोकळी आणि शेतीयोग्य होती. १८८० मध्ये 'फ्रामफारी' बंद पडले. त्याच वर्षी सरोवराच्या पुराने कुरणे बुडवली, गवत वाहून गेले. अनेकांनी सामान बांधले. वसाहतीत मूठभर कुटुंबे उरली.

३३/
जी उरली, त्यांनी एक गोष्ट मान्य केली होती : ही भूमी आइसलँड होणार नाही, आणि गव्हाचे कोठारही होणार नाही. हिचे धन पाण्यात आणि लाकडात आहे. योनासन यांनी भागीदारीत लाकूड कापण्याची गिरणी आणि आगबोट चालवली. बर्फाखालची मासेमारी, जी पहिल्या हिवाळ्यात कोणालाच येत नव्हती, तीच गिम्लीचा मुख्य उद्योग झाली. काही वर्षांत आइसलँडहून नवे लोक येऊ लागले आणि वाड्या पुन्हा नांदत्या झाल्या.

३४/
१८८१ मध्ये मॅनिटोबाची सीमा वाढली आणि न्यू आइसलँड त्या प्रांतात सामावले गेले. १८९७ मध्ये केवळ आइसलँडवासीयांसाठीचा राखीव दर्जा गेला आणि युक्रेनियन शेतकरीही शेजारी आले. आइसलँडवंशीयांचा वार्षिक उत्सव, जो १८९० मध्ये विनिपेगमध्ये सुरू झाला, तो १९३२ पासून गिम्लीत भरतो. आजही तिथे सरोवर गोठते आणि बर्फात भोके पाडून जाळी टाकली जातात.

३५/
या इतिहासाकडे दोन सोप्या नजरांनी पाहता येते. एक नजर म्हणते, शूर लोकांनी निसर्गावर मात केली. दुसरी म्हणते, परक्यांनी भूमी बळकावली. दोन्हींत तथ्य आहे, पण एकटी कोणतीही पुरेशी नाही. उपाशी मुलांना घेऊन ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावर उतरलेली आई खरी होती. तिची नाव पाण्यात लोटणारा माणूसही खरा होता, आणि नंतर तिच्या दारी शिकारीचे मांस आणणाराही तोच होता.

३६/
नव्या भूमीशी जुळवून घेणे म्हणजे केवळ थंडी सोसणे नव्हे. आपले ज्ञान इथे अपुरे आहे हे कबूल करणे आणि ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडून शिकणे, हा त्याचा गाभा. न्यू आइसलँडने हा अर्धा धडा उत्तम गिरवला. उरलेला अर्धा, म्हणजे शिकवणाऱ्याचे ऋण ओळखणे, फार उशिरा आणि फार थोडा गिरवला गेला.

३७/
त्या ऋणाची एक खूण अजून शिल्लक आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर जॉन रॅमसेने लोअर फोर्ट गॅरीहून संगमरवरी शिळा विकत आणली आणि ती दूरवर वाहून नेऊन सँडी बार येथे बेट्सीच्या कबरीवर उभी केली. पुढे काळाच्या ओघात कबरीभोवतीचे कुंपण मोडले. तिथली परंपरा सांगते की, रॅमसेच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी तो एका आइसलँडिक सुताराच्या स्वप्नात आला आणि ते नीट करून देण्याची विनंती करून गेला. सुताराने ते कुंपण बांधून दिले.

३८/
सँडी बारच्या शेकडो दिवसांच्या संसारांपैकी, तिथल्या घरांपैकी, जाळ्यांपैकी आज काही दिसत नाही. बेट्सी रॅमसेची शिळा मात्र आहे. गिम्लीचा इतिहास वाचताना सुवर्णछताच्या सभागृहाबरोबर त्या एका पांढऱ्या दगडाचेही स्मरण ठेवावे.

(समाप्त)